पाटा, पाटी आणि पैनगंगा

मायच्या पाट्याला मधोमध खळगा पडला आहे. त्यात तळहात ठेवला तर बरोबर बसतो. तिचं लग्न झालं तेव्हा हा पाटा सपाट होता, असं ती सांगायची. पन्नासेक वर्षं तिने त्यावर मिरची, लसूण, जवस वाटलं. टाकी लावणारी बाई दारावर आली की त्याला पुन्हा खरखरीत करून घेतलं. मग त्या खळग्यातला दगड गेला कुठे? रिसोड तालुक्यातल्या शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला आणि खडकांचा धडा दर वर्षी याच प्रश्नाने सुरू केला. मुलं आधी हसायची, मग विचारात पडायची. शेवटी एखादी मुलगी हळूच म्हणायची, "म्याडम, पोटात गेला." उत्तर बरोबर होतं. थोडा पोटात गेला, थोडा पाटा धुतलेल्या पाण्याबरोबर अंगणात गेला, अंगणातून नाल्यात आणि नाल्यातून पैनगंगेत. दगड झिजतो आणि झिजलेला दगड कुठेतरी जाऊन पडतो, एवढं एकदा पटलं की धडा अर्धा झाला.

पाठ्यपुस्तकात तीन प्रकार असतात: अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित. वाशीम जिल्ह्यातल्या मुलांची अडचण अशी, की डोळ्यांसमोर एकच प्रकार. मानोऱ्यात जा, कारंज्यात जा, मालेगावात जा, खाली काळा दगडच लागतो.

हा काळा दगड मला पहिल्यांदा भेटला तो 1973च्या उन्हाळ्यात. आदल्या वर्षीच्या दुष्काळात माय रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायला जायची आणि संध्याकाळी तिच्या हातांना फोड असायचे. त्या अनुभवानंतर बाबांनी ठरवलं, काहीही झालं तरी वावरात विहीर पाडायची. मी काठावर बसून बघायची. वर तीन-चार हात काळी माती, त्यात मधे मधे चुनखडीचे पांढरे खडे. त्याखाली पिवळट मुरूम. मुरमात गोल गोल धोंडे निघायचे, कांद्यासारखे. वरचा पापुद्रा हाताने सुटायचा, आत टणक काळा गाभा. त्याखाली सलग खडक. विहीर खोदणारे काका म्हणाले, "काया दगड हाय हा, सुरुंगाबिगर आयकत नाही." सुरुंग लावले. दोन पुरुष खाली गेल्यावर दगडाचा पोत बदलला. त्याला जिकडेतिकडे भोकं होती आणि काही भोकांत पांढरे चमकदार खडे बसले होते. त्यातली सुपारीएवढी एक गारगोटी मी फ्रॉकच्या खिशात टाकली. त्या भोकांच्या थराच्या फटींतूनच पहिला झिरा लागला. त्याखाली एक वीतभर तांबडा पट्टा होता, भाजलेल्या विटेसारखा, आणि त्याखाली पुन्हा तोच काळा, घट्ट दगड.

विहिरीच्या या भिंतीचा अर्थ मला कॉलेजात गेल्यावर कळला. आपल्या भागातला हा खडक म्हणजे बेसाल्ट, आणि तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हा इथे उंच शंकूसारखा ज्वालामुखी नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून अकराशे-बाराशे अंश सेल्सियस तापलेला पातळ लाव्हा वाहत राहिला. एक लोट यायचा, पसरायचा, गोठायचा. मग काही शतकं किंवा काही हजार वर्षं शांतता, आणि पुन्हा लोट. हे सगळं दहा लाख वर्षांच्या आसपास चाललं. आजही हा थर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे. लोटाच्या वरच्या भागात, आणि थोडे तळाशीही, वायूचे बुडबुडे अडकतात. विहिरीत दिसलेली भोकं तीच. पुढे त्यांतून झिरपलेल्या पाण्याने आपल्यातली खनिजं तिथे सोडली आणि माझ्या खिशातली गारगोटी घडली. तांबडा पट्टा म्हणजे दोन लोटांमधल्या शांततेत तयार झालेली माती किंवा उडून पडलेली राख. पुढच्या लाव्ह्याने ती झाकली आणि भाजली. पाणी त्या थरातून सहसा खाली उतरत नाही. झिरा बरोबर त्याच्या वरच का लागला, याचं उत्तर मला असं दहा वर्षांनी मिळालं.

मुरूम आणि काळी माती हा याच गोष्टीचा पुढचा भाग. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, खडकाच्या सांध्यांत शिरतं आणि कोपरे आधी खातं. म्हणून चौकोनी तुकड्याचा कांद्यासारखा धोंडा होतो. धोंड्याचा मुरूम होतो, मुरमाची माती. ओली झाली की फुगणारी आणि उन्हाळ्यात पायाचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडणारी आपली कपाशीची माती म्हणजे विरघळत, बदलत आलेला लाव्हा आहे. एक इंच मातीला शेकडो वर्षं लागतात. म्हणून मृगाच्या पहिल्या सरींत बांध फुटून काळं पाणी नाल्यात जाताना दिसलं की माझा जीव तुटतो. हिशेबाच्या वहीत या नुकसानीची नोंद कुणी करत नाही, पण पीक बुडण्याहून मोठं नुकसान तेच आहे.

ती माती जाते कुठे, हे सांगायला वाशीमएवढा चांगला जिल्हा नाही. आपण दोन पाणलोटांमधल्या पाठीवर राहतो. वाशीमजवळच्या काटा गावाच्या परिसरातून निघालेली काटेपूर्णा उत्तरेला उतरते, पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी अरबी समुद्राला. दक्षिणेची पैनगंगा मात्र पूर्वेला वर्ध्याकडे जाते. पुढे प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. एकाच टेकडीच्या दोन उतारांवरची माती दोन समुद्रांत पोहोचते. हल्ली तिचा बराचसा भाग वाटेत महानच्या आणि इसापूरच्या धरणांत अडकतो, ही गोष्ट वेगळी. जो गाळ समुद्राच्या तळाशी पोहोचतो तो थरावर थर साचतो, वरच्या भाराने दाबला जातो, आतलं पाणी निघून जातं, खनिजं कणांना चिकटवतात आणि पुन्हा दगड होतो. तो स्तरित खडक.

हे कल्पनेनं मानायची गरज नाही. पैनगंगेच्या काठाने खाली खाली जा. बेसाल्टची चादर पूर्वेकडे विरळ होत संपते आणि वणी-मुकुटबनच्या, चंद्रपूरच्या बाजूला तिच्याखालचे जुने खडक उघडे पडतात. तिथला चुनखडक शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा, उथळ समुद्रात साचलेला. तेव्हा शंख-शिंपलेसुद्धा जन्मायचे होते. भूवैज्ञानिकांनी त्या खडकांच्या गटाला पैनगंगेचंच नाव दिलं आहे. त्याच पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आहेत, आणि जवळच कोळशाच्या खाणी. मला याचं फार नवल वाटतं: नदी पुढे जाते तसं दगडाचं वय मागे जातं.

आणि आपल्या पायांखाली? किल्लारीही याच बेसाल्टवर. 1993च्या भूकंपानंतर तिथे खोल बोअर घेतला गेला. सुमारे 340 मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर थोडा जुना गाळाचा थर लागला, आणि त्याखाली दोन अब्ज वर्षांहून जुना नाइस. नाइस हा रूपांतरित खडक. इथे मुलांचा नेहमी गोंधळ व्हायचा, म्हणून नीट सांगते. रूपांतर म्हणजे वितळणं नव्हे. वितळला तर गोष्ट पुन्हा अग्निजन्यापासून सुरू. खोलवरची उष्णता आणि दाब यांनी दगड घट्ट असतानाच आतली खनिजं बदलतात, नव्याने रचली जातात, तेव्हा रूपांतर होतं.

मी तेव्हा माझी जुनी दगडी पाटी काढायची. आंध्रातल्या मार्कापूरचा पाटीचा दगड प्रसिद्ध आहे. मुळात तो चिखल. चिखलाचा मऊ खडक झाला, मग डोंगर घडवणाऱ्या रेट्याने त्यातली चपटी खनिजं एका दिशेने आडवी झाली. म्हणून तो पातळ पापुद्र्यांत सुटतो आणि त्यावर लेखणी चालते. चुनखडकाचं असंच रूपांतर झालं की संगमरवर. तो विदर्भातही आहे, रामटेक-देवलापारच्या पट्ट्यात. मनसरचं मँगनीजही तिथलंच, जुन्या समुद्रतळावर साचून पुढे बदललेलं.

मग मुलांना गृहपाठ: घरातले दगड शोधा. मला वाटतं हा माझा सगळ्यांत चांगला गृहपाठ. स्वयंपाकघरातला कडप्पा हा चुनखडक, स्तरित. शहाबादी फरशीही तीच. त्यावर लिंबाचा रस सांडला की डाग का पडतो? आम्ल चुनखडीला खातं. ग्रॅनाइटच्या ओट्यावर तसं होत नाही, कारण तो जमिनीच्या पोटात सावकाश गोठलेला अग्निजन्य खडक. सावकाश गोठला म्हणून त्याचे दाणे डोळ्यांनी दिसतात, आणि आपला बेसाल्ट वर येऊन लवकर गोठला म्हणून त्याचे दिसत नाहीत. देवघरात मकराण्याचा संगमरवर, दप्तरात पाटी, पडवीत पाटा. एका घरात तिन्ही प्रकार.

सहल मात्र लोणारला. तिथेही आपलाच बेसाल्ट, पण अवकाशातून आलेल्या अशनीने त्याला 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर पाडलं. आधी त्याचं वय पन्नासेक हजार वर्षं मानत. 2011मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ते सुमारे 5 लाख 70 हजार निघालं. रूपांतराला एरवी लाखो वर्षं लागतात, इथे ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. आघाताच्या दाबाने बेसाल्टमधल्या काही खनिजकणांची रचना न वितळताच मोडली आणि त्यांची काच झाली.

या दगडाला माणसांनीही आकार दिला. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवलं, याच बेसाल्टमध्ये. त्या दगडाला छिन्नी लावणाऱ्यांना कोणता थर घट्ट आणि कोणता भोकाळ, हे हाताला कळत असणार. टाकी लावणाऱ्या बाईलाही ते कळायचं. पाटा ठोकून, आवाज ऐकून ती सांगायची की याला चीर आहे.

ती आता येत नाही. मिक्सर आला, पाटा अंगणात तुळशीपाशी गेला. गेल्या पावसाळ्यात त्याच्या खळग्यात पाणी साचलं, चिमण्या येऊन प्यायच्या. आश्विनात पाणी आटलं तेव्हा तळाशी काळ्या गाळाचा पातळ थर बसला होता, अगदी सपाट. नातवाने त्यावर बोट फिरवून आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढलं.