हवे तसे, पण हळूहळू

लेखनाचे साधन वापरणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे बदलता यावे, ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र त्या सोयीची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न संगणकावरील टेक्स्ट एडिटरांच्या बाबतीत वारंवार उपस्थित होतो. अक्षराची कळ दाबावी आणि ते पडद्यावर उमटण्याची वाट पाहत बसावे, हा अनुभव अनेकांना नवा नाही.

या परंपरेचा आरंभ ‘ईमॅक्स’ने झाला. १९७६ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये रिचर्ड स्टॉलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो घडवला. १९८५ साली प्रसृत झालेला ‘ग्नू ईमॅक्स’ लिस्प भाषेच्या साहाय्याने कोणालाही हवा तसा वळवता येतो. परंतु त्यातील जोडण्यांचे काम आणि अक्षर उमटवण्याचे काम बव्हंशी एकाच रांगेत चालते. पुढचा रेंगाळला की मागच्याने तिष्ठत राहावे, असा हा प्रकार. ‘आठ मेगाबाइट आणि अखंड अदलाबदल’ असा त्याच्या नावातील इंग्रजी अक्षरांचा थट्टेचा विग्रह त्या काळी रूढ झाला, तो उगाच नव्हे.

२०१४ साली गिटहब कंपनीने ‘अ‍ॅटम’ आणला. तोही मनाजोगता बदलता येई. पण ब्राउझरचा सारा डोलारा पाठीवर घेतल्याने तो जड होता. आरंभी दोन मेगाबाइटांहून मोठी फाइलही त्यात उघडत नसे. डिसेंबर २०२२ मध्ये तो बंद झाला.

मग स्वातंत्र्य आणि वेग यांचे हाडवैरच आहे काय? तसे म्हणता येत नाही. २०१५ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हीएस कोड’चा पाया अ‍ॅटमचाच, परंतु त्याने जोडण्यांना वेगळ्या प्रक्रियेत बसवले, म्हणून एखादी जोडणी अडखळली तरी लिहिणाऱ्याचा हात सहसा थांबत नाही. ईमॅक्सनेही २०२२ च्या आवृत्तीत लिस्पचे यंत्रभाषेत आगाऊ रूपांतर करण्याची सोय केली. म्हणजे दोष स्वातंत्र्याचा नसून शिस्तीच्या अभावाचा आहे.

जोडण्या रचणाऱ्यांपाशी बहुधा नवी, बलवान यंत्रे असतात. शाळेत वा कचेरीत जुन्या संगणकावर काम करणाऱ्याच्या वाट्याला मात्र खोळंबा येतो. त्याची विचारांची साखळी तुटते, तिची नोंद कोणत्याही खात्यात होत नाही. म्हणून प्रत्येक जोडणी आधी सामान्य यंत्रावर पारखली जावी, आणि कोणती जोडणी किती वेळ खाते हे एडिटरने वापरणाऱ्याला स्पष्ट दाखवावे. वापरणाऱ्यांनीही चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला लावण्याचा मोह आवरावा. लेखणी सजवायची ती लिहिण्यासाठी, हे विसरून चालणार नाही.