दंडांची ताकद आणि इतर समज : सी-कयाक पुढे कशी जाते

सी-कयाकिंग शिकायला आलेल्या माणसाला सगळ्यात आधी रोल शिकायचा असतो. कयाक उलटली की पाण्याखालून एका झटक्यात पुन्हा सरळ होणं दिसायला थरारक आहे, आणि ते यायलाही हवं. पण दिवसभराच्या समुद्रसफरीत रोलची वेळ क्वचित येते, बहुतेकदा येतच नाही. सतत करावं लागतं ते पुढे वल्हवणं. मिनिटाला ६० स्ट्रोक धरले, तर चार तासांत १४,४०० स्ट्रोक होतात. इतक्या वेळा घडणाऱ्या गोष्टीत बारीकशी चूक असली, तरी संध्याकाळी ती खांद्यात आणि मनगटात बोलू लागते. तरीही कोचकडे जाऊन "मला नीट पुढे जायला शिकवा" असं म्हणणारे फार थोडे. याला कारण आहेत या विषयाभोवती साचलेले काही समज.

गैरसमज : "पुढे जाणं आपोआप येतं, त्यात शिकायचं काय?"

वल्हं पाण्यात घालून ओढलं की कयाक पुढे सरकते, त्यामुळे आपल्याला येतंय असं वाटतं. खरी परीक्षा होते ती पाणी उलटं वाहत असताना. वेल्सच्या वायव्य टोकाला अँगलसी बेट आहे. ब्रिटनमधले सी-कयाकर शिकायला आणि शिकवायला जिथे आवर्जून जातात, अशा जागांपैकी ही एक. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या मेनाय सामुद्रधुनीत स्वेलीज नावाचा अरुंद टप्पा आहे. उधाणाच्या दिवसांत तिथे पाणी ८ नॉटपर्यंत वेग घेतं. त्याच्याशी शहाणा माणूस झुंजत नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून पाणी थबकण्याची वाट बघतो.

पण २ नॉटचा उलटा प्रवाह समुद्रावर कुठेही भेटतो. पाण्यातून ३ नॉटने जाणारा कयाकर अशा प्रवाहात तासाला १ सागरी मैल पुढे जातो, तर ४ नॉटने जाणारा २ मैल. दोघांच्या वेगात एक नॉटचाच फरक, पण कापलेलं अंतर दुप्पट. अंधार पडायच्या आत किनारा गाठायचा असेल, तर या एका नॉटवर सगळं अवलंबून असतं. म्हणून पुढच्या स्ट्रोकचं शिक्षण हा माझ्या मते सुरक्षिततेचाच भाग आहे.

गैरसमज : "दंडात ताकद असली की झालं"

दंडाचे स्नायू लहान असतात आणि लवकर थकतात. जोर यायला हवा तो पाठीतून, पोटातून आणि पायांतून. उजव्या बाजूचा स्ट्रोक घेऊ. सुरुवातीला धड डावीकडे वळलेलं असतं, म्हणजे उजवा खांदा पुढे. उजवा हात जवळजवळ सरळ, आणि पातं पायाच्या पंजाच्या रेषेत पाण्यात उतरतं. ते पूर्ण बुडाल्यावर उजवा पाय समोरच्या फूटपेगवर रेटायचा आणि धड उलगडायचं. हात फक्त दोरीचं काम करतो. कोपर वाकतं, पण शेवटी. डावा हात वर असतो, तो वल्ह्याला दिशा देतो. त्याने ठोसा मारल्यासारखं पुढे ढकलायचं नाही.

हे घडतंय की नाही, हे कोचला कसं कळतं? तो आपली कयाक शिकणाऱ्याच्या मागे घेतो आणि वल्ह्याकडे न बघता लाइफ जॅकेटची पाठ बघतो. धड फिरत असेल, तर जॅकेटचा मागचा भाग आलटून पालटून दोन्ही बाजूंना वळतो. नुसते हात चालत असतील, तर पाठ भिंतीसारखी स्थिर आणि कोपरं आत-बाहेर. मग तो समोर येतो आणि जॅकेटची चेन बघतो. ती एका स्ट्रोकला डावीकडे आणि पुढच्याला उजवीकडे तोंड करायला हवी. पुष्कळांना मनापासून वाटत असतं की आपण कमरेपासून वळतोय. व्हिडिओत मात्र खांदे तेवढे हललेले दिसतात. आतून जाणवतं ते आणि बाहेरून दिसतं ते यांतलं हे अंतर एकट्याने सराव करताना भरून निघत नाही. कोच लागतो तो इथे.

यावर एक जुना सराव आहे : काही मिनिटं दोन्ही कोपरं ताठ ठेवून वल्हवायचं. हात वाकतच नसल्यामुळे पुढे जायला धड फिरवण्यावाचून मार्ग उरत नाही. मात्र हा सराव म्हणजे अंतिम स्ट्रोक नव्हे. काही जण तोच पक्का करून घेतात आणि दिवसभर लाकडी बाहुल्यासारखे वल्हवतात. जाणीव झाली की कोपरं सैल सोडायची.

बसणंही यातच आलं. फूटपेग असे लावायचे की गुडघे थोडे वाकलेले राहतील. पाय ताठ पसरले की रेटायला काही उरत नाही. पाठ टेकून बसलं की धड अडकतं. तारकर्लीला किंवा गोव्यात भाड्याने मिळते ती बहुधा वरून उघडी, सिट-ऑन-टॉप कयाक. तिच्या उंच पाठीला माणूस आरामखुर्चीत रेलावा तसा रेलतो, आणि मग अर्ध्या तासात दंड भरून येतात. तिथेही थोडं पुढे सरकून, पाठ सरळ ठेवून टाचा खाचांमध्ये रोवल्या, तर हेच तंत्र बऱ्यापैकी लागू पडतं.

गैरसमज : "वल्हं जितकं मागे ओढाल तितकं चांगलं"

खाडीतला होडीवाला बांबू चिखलात रोवतो तेव्हा बांबू जागचा हलत नाही, होडी त्याला मागे टाकून पुढे जाते. पात्याचं काम तेच. पाणी मागे फेकायचं नसून, पातं पाण्यात रोवून कयाक त्याच्यापर्यंत आणायची असते. पाणी चिखलाइतकं घट्ट नसल्याने पातं थोडं घसरतंच, पण ते जितकं कमी घसरेल तितकं बरं. यासाठी सगळ्यात महत्त्वाचा तो पहिला क्षण. पातं पूर्ण बुडायच्या आधीच जोर लावला की ते हवा ओढून आत नेतं, छपछप आवाज होतो आणि पाणी उडतं. म्हणून कोच कधी कधी एवढंच सांगतो : पुढची पाच मिनिटं आवाज न करता वल्हवा.

बाहेर काढण्याचं ठिकाणही ठरलेलं आहे. हात कमरेपाशी आला की पातं बाहेर. त्यामागे ओढत राहिलं, तर पातं पाणी वर उचलू लागतं, कयाकचं शेपूट खाली दबतं आणि टोक दुसऱ्या बाजूला वळतं. पुढचा स्ट्रोक ते वळण सरळ करण्यात खर्च होतो. धड नीट उलगडलं, तर पातं मागे येताना आपसूक कयाकपासून थोडं बाहेर सरकतं. पंखाच्या आकाराचं विंग वल्हं १९८० च्या दशकात आलं, ते याच बाहेर जाणाऱ्या वाटेचा फायदा घेतं.

गैरसमज : "दुप्पट जोर, दुप्पट वेग"

पाणी असा हिशेब पाळत नाही. वेग वाढला की विरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी ताकद घनाने. ३ नॉटवरून ४ वर जायला जवळपास २.४ पट ताकद लागते. पुढे तर कयाक स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात अडकते. पाण्यातली लांबी ४.९ मीटर असेल, तर ही मर्यादा साधारण ५.४ नॉट, म्हणजे ताशी १० किलोमीटरच्या आसपास येते. म्हणून कोचिंगचा भर जोर वाढवण्यापेक्षा वाया जाणारा जोर वाचवण्यावर असतो.

बाजूच्या वाऱ्यात कयाक वाऱ्याकडे तोंड वळवते, तेव्हा अनेक जण एकाच बाजूने जोरात वल्हवत राहतात आणि तंत्राला दोष देतात. पुढे जाणाऱ्या कयाकचं टोक पाण्यात घट्ट धरलेलं असतं, शेपूट त्या मानाने मोकळं, म्हणून वारा शेपटाला ढकलतो. तळातून खाली सोडायचा स्केग त्यासाठीच असतो. तो गरजेपुरता सोडावा आणि स्ट्रोक दोन्हीकडे सारखा ठेवावा.

मुठी आवळून वल्हं धरल्याने पकड सुधारत नाही, मनगटाच्या शिरा तेवढ्या दुखावतात. वरच्या हाताची बोटं प्रत्येक स्ट्रोकला सैल सुटायला हवीत.

गैरसमज : "ऑलिंपिकवाल्यांची नक्कल करावी"

त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण स्प्रिंटची कयाक अरुंद आणि १२ किलोची, शर्यत फार तर काही मिनिटांची. सी-कयाक रिकामी असतानाच त्याच्या दुपटीच्या आसपास भरते, वर तंबू आणि पिण्याचं पाणी. उभा, उंच स्ट्रोक वेगवान असतो; आडवा, कमी उंचीचा स्ट्रोक लांबच्या पल्ल्याला खांद्यांना सुखाचा जातो. चांगल्या कयाकरला दोन्ही यावेत.

आणि शिखरावरही साचा एकच नसतो. अमेरिकेच्या ग्रेग बार्टनने १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या आणि दुहेरी अशा दोन्ही १००० मीटर शर्यतींत सुवर्ण जिंकलं. त्याची पावलं जन्मतः वाकडी होती, शस्त्रक्रियांनंतरही पायांच्या हालचालीवर मर्यादा राहिल्या. पायांचा रेटा हवाच, पण तो प्रत्येक शरीरात निराळा दिसतो. उंची, खांद्याची जुनी दुखापत, कंबरेचा ताठरपणा हे सगळं बघून जो कोच स्ट्रोक बसवतो, तो खरा.

गैरसमज : "चांगला कोच क्षणोक्षणी चुका सांगतो"

मला हा सगळ्यांत नुकसान करणारा समज वाटतो, कारण शिकणारे पैसे मोजतात ते भरपूर सूचना मिळाव्यात म्हणून. १९९० मध्ये विन्स्टाइन आणि श्मिट यांनी दाखवलं की निम्म्याच प्रयत्नांनंतर निकाल कळलेल्या लोकांच्या लक्षात हालचाल अधिक चांगली राहिली. प्रत्येक वेळी निकाल ऐकणारे मागे पडले. सतत मिळणारी सूचना कुबडी होते, ती काढली की चाल बिघडते. १९९८ मध्ये गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी स्कीइंगच्या सिम्युलेटरवर आणखी एक गोष्ट तपासली. आपल्या पायांवर लक्ष ठेवणाऱ्यांपेक्षा फळीच्या चाकांवर लक्ष ठेवणारे अधिक चांगलं शिकले. हे प्रयोग कयाकवर झालेले नव्हते, पण समुद्रावरच्या अनुभवाशी ते जुळतात. "उजवं कोपर सरळ ठेव, कंबर फिरव, डावं मनगट वाकवू नकोस" असं एका दमात ऐकलेला माणूस गोठून जातो. त्यालाच "टोकाची डुलणारी हालचाल थांबव" किंवा "त्या बोयापर्यंत कमी स्ट्रोकमध्ये पोच" असं सांगितलं, की शरीर स्वतःच वाट शोधू लागतं.

म्हणून जाणता कोच एका सत्रात एकच गोष्ट घेतो, ती करून बघायला वेळ देतो आणि मग विचारतो, "काय बदललं?" उत्तर चुकलं तरी चालतं, शिकणाऱ्याने पाण्याकडे लक्ष दिलं हे महत्त्वाचं. नवा स्ट्रोक सुरुवातीला अवघड आणि बऱ्याचदा जुन्यापेक्षा हळू जातो. पहिल्याच दिवशी घड्याळ लावून "याने काही फायदा नाही" असा निकाल देऊ नये. दहा-दहा मिनिटांचे तुकडे करावेत, मधे आपल्या सवयीने वल्हवावं, पुन्हा नवं घ्यावं. आधी शांत पाण्यात, मग वाऱ्यात, मग बारक्या लाटांत. आणि कोचला एकदा तरी सफरीच्या शेवटच्या तासाला सोबत घ्यावं. दमल्यावर पाठ मागे टेकते, धड फिरायचं थांबतं आणि दंड पुन्हा कामाला लागतात. सकाळच्या ताज्या शरीराकडे बघून हे कुणालाही कळत नाही.