मुरुमांचं खापर

सत्तरच्या दशकात मुलीच्या गालावर पहिला मुरूम उठला की घरात सहाण बाहेर निघायची. जायफळ नाहीतर चंदन उगाळून लेप लागायचा आणि पाठोपाठ निदानही व्हायचं: ‘अंगात उष्णता झालीय, तळकट बंद कर, चॉकलेट तर अजिबात नको.’ मुरुमांचं खापर नेहमी मुलीच्याच माथी फुटायचं. तिनं काहीतरी खाल्लं असणार, नाहीतर तोंड नीट धुतलं नसणार. सुश्रुतसंहितेनं मात्र तरुणांच्या चेहऱ्यावरच्या या पुटकुळ्यांना काटेसावरीच्या काट्यांची उपमा देऊन त्यांचा दोष कफ, वात आणि रक्ताकडे नेला होता, पोरांच्या खोड्यांकडे नाही.

चॉकलेटवरचा आरोप 1969 मध्ये तपासला गेला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जेम्स फुल्टन, गेर्ड प्लेविग आणि अल्बर्ट क्लिगमन यांनी 65 जणांना चार आठवडे रोज एक चॉकलेट खायला दिलं. त्यांत किशोरवयीन मुलं होती आणि तुरुंगातले कैदीही. तुलनेसाठी कोको नसलेली वडी होती. दोन्हींत फरक दिसला नाही आणि ‘खाण्यापिण्याचा मुरुमांशी संबंध नाही’ हे वाक्य पुढची कित्येक वर्षं डॉक्टरांच्या तोंडी बसलं. मेख अशी, की त्या दुसऱ्या वडीतही साखर आणि स्निग्धांश जवळपास तेवढेच होते. म्हणजे निर्दोष सुटला तो फक्त कोको. साखरेची उलटतपासणी झालीच नाही.

त्याच वर्षी याच तिघांनी ट्रेटिनॉइनबद्दल, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या आम्लाबद्दल लिहिलं. उपचारांची दिशा खऱ्या अर्थानं बदलली ती इथे. वयात येताना अँड्रोजेन हॉर्मोन वाढतात, त्वचेखालच्या तैलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात, केसाच्या मुळाशी मृत पेशी चिकटून छिद्राचं तोंड बंद होतं, आत जिवाणू वाढतात आणि सूज येते. ट्रेटिनॉइन हे बुजलेलं तोंड मोकळं करतं. ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नसतोच. हवा लागून काळवंडलेलं तेल आणि त्वचेतलं रंगद्रव्य असतं ते. त्यामुळे दिवसातून सहा वेळा साबण लावून आणि स्क्रबनं घासून हाती काय लागतं, तर सोलवटलेली, चिडलेली त्वचा.

ट्रेटिनॉइन औषध गुणी, पण सोशिक माणसासाठी. रात्री कोरड्या चेहऱ्यावर, पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढंच लावायचं. पहिले काही आठवडे कातडी सुटते, मुरूम उलट वाढल्यासारखे वाटतात आणि नेमकं तेव्हाच बहुतेकांचा धीर सुटतो. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात.

आपल्याकडे त्या काळात स्वयंपाकघरातली हळद ट्यूबमध्ये शिरली. 1975 मध्ये विको टर्मरिक बाजारात आली. ती औषध की प्रसाधन, यावर उत्पादनशुल्क खात्याशी झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल औषधाच्या बाजूनं लागला. केसांच्या तेलाचा मुद्दा मात्र घरोघर दुर्लक्षित राहिला. केसांच्या पोमेडमुळे कपाळावर मुरूम उठतात, हे 1970 मध्येच नोंदलं गेलं होतं. खोबरेल तेलानं चंपी करून तसंच झोपणाऱ्या मुलांच्या कपाळावर, केसांच्या रेषेलगत बारीक पुटकुळ्यांची रांग उठते, तीही याच जातीची.

मोठी, खोल, डाग पाडणारी गळवं या मलमांना दाद देत नसत. 1979 मध्ये त्वचारोगतज्ज्ञ गॅरी पेक यांनी अशा 14 रुग्णांना आयसोट्रेटिनॉइन हे पोटात घ्यायचं औषध दिलं. 13 जणांचे चेहरे स्वच्छ झाले. 1982 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. पण हे औषध घेताना गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचंच नाही.

खाण्याचा खटला पुन्हा उभा राहिला तो 2002 मध्ये. पापुआ न्यू गिनीतले किटावा बेटवासी आणि पॅराग्वेतले आचे आदिवासी यांच्यात संशोधक लॉरेन कॉर्डेन यांच्या चमूला मुरूम सापडलेच नाहीत. या लोकांच्या खाण्यात साखर आणि मैदा जवळजवळ नव्हते. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात तरुण मुलांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. रक्तातली साखर झपाट्यानं न वाढवणाऱ्या आहारानं मुरूम कमी झाले. दुधाशीही, विशेषतः साय काढलेल्या दुधाशी संबंध दिसला आहे, पण कारण म्हणून तो सिद्ध झालेला नाही. थोडक्यात, वड्यातल्या तेलापेक्षा पावाकडे आणि सोबतच्या गोड चहाकडे संशयानं बघावं.

भारतातलं सर्वांत मोठं नुकसान मात्र ना चॉकलेटनं केलं, ना तेलानं. ते केमिस्टच्या काउंटरवर झालं. क्लिगमन यांनीच 1975 मध्ये काळ्या डागांसाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड असं त्रिकूट सुचवलं होतं. त्याचे भाऊबंद आपल्याकडे गोरेपणाची आणि मुरुमांची क्रीम म्हणून सर्रास विकले गेले. चार दिवसांत लाली उतरते, चेहरा तुकतुकीत दिसतो, मैत्रीण मैत्रिणीला नाव सांगते. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते आणि ज्यासाठी क्रीम लावली ते मुरूमच दुपटीनं येतात. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. त्वचारोगतज्ज्ञांनी आवाज उठवल्यावर 2018 मध्ये सरकारनं अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. चिठ्ठी न मागणारे दुकानदार तरीही आहेत.

आता सल्ला रील्समधून येतो. टूथपेस्ट लावा, लिंबू चोळा, दहा बाटल्यांचं रुटीन पाळा! त्वचारोगतज्ज्ञ सांगतात ते त्या मानानं अगदीच नीरस: दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश, छिद्रं न बुजवणारं मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन, मुरूम फोडायचे नाहीत, मोबाइलची काच आणि उशीचा अभ्रा स्वच्छ ठेवायचा. मुरुमांबरोबर पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस वाढत असतील, तर पीसीओएस या हॉर्मोनच्या विकाराची तपासणी करून घ्यायची.

आणि घरातली मुरुमांची ट्यूब एकदा उलटून वाचा. त्यावर बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल असं स्टिरॉइडचं नाव असेल, तर शेजारणीला ती सुचवू नका. बरेच दिवस लावत असाल तर एकदम थांबवल्यावर चेहरा भडकू शकतो, तेव्हा ट्यूब हातात घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.