‘फोर्ट स्टिकिन’ : रुईच्या गाठी आणि दारूगोळा

अमरावती जिल्ह्यातील शेंदूरजनाघाटची ओळख संत्र्यांची व संत्र्याच्या कलमांची असली, तरी कापूस तेथील शेतकऱ्यास नवा नाही. रुई प्रेसमध्ये दाबून गाठ बांधली, की तिच्या पोटात शिरलेली आग ज्वाळा न दिसता धुमसत राहते आणि वरून ओतलेले पाणी आत पोचत नाही, हे वऱ्हाडात कोणास समजावून सांगावे लागत नाही. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी घडलेल्या अनर्थाच्या मुळाशी हीच साधी गोष्ट होती. देशात १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, तो या दिवसाच्या स्मरणार्थ होय.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी मालवाहू जहाजे मोठ्या संख्येने बुडविली. ती तूट भरून काढण्यासाठी कॅनडात एकाच नमुन्याची जहाजे झपाट्याने बांधण्यात आली. ‘फोर्ट स्टिकिन’ हे त्यांपैकीच एक. ७,१४२ टनांचे हे जहाज १९४२ मध्ये प्रिन्स रूपर्ट येथे तयार झाले. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडातील बर्कनहेडहून निघाले, तेव्हा त्यावर लढाऊ विमाने, सुमारे १,४०० टन दारूगोळा व सोन्याच्या १२४ लगडी होत्या. कराचीस विमाने उतरली आणि मोकळ्या झालेल्या जागेत कापसाच्या ८,७०० गाठी, वंगणाचे तेल, लाकूड, गंधक, तांदूळ व मासळीचे खत भरण्यात आले. कप्तान नाइस्मिथ यांना हा शेजार पसंत नव्हता. परंतु युद्धकाळात जहाजातील रिकामी जागा ही चैन समजली जाई.

१२ एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागले. एरवी असा दारूगोळा गोदीबाहेरच पडावांत उतरविला जात असे. युद्धाच्या निकडीपोटी तो नियम शिथिल झाला होता. धोक्याचा लाल बावटाही जहाजावर नव्हता. दोन दिवस उलटले तरी स्फोटके जहाजातच होती.

१४ तारखेस दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या मालकोठ्यातून धूर येताना दिसला. बंब आले. नऊशे टनांहून अधिक पाणी आत सोडण्यात आले, पण धुरामुळे आगीचे मूळ सापडेना आणि आतले पाणी उकळू लागले. आता करावयाचे काय? जहाज तेथेच बुडवावे, असे एकाचे मत. ते ओढून समुद्रात न्यावे, असे दुसऱ्याचे. यंत्र दुरुस्तीसाठी उघडलेले असल्याने स्वतःच्या बळावर ते हलणे शक्य नव्हते. अधिकारी अनेक होते. सर्वांस बंधनकारक असा हुकूम देणारा मात्र एकही पुढे आला नाही. खरा घात येथे झाला, असेच म्हणावे लागते. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्यास सांगण्यात आले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, अधिक भयंकर.

शेजारचे सुमारे चार हजार टनांचे ‘जलपद्म’ जहाज उचलले जाऊन धक्क्यावर आदळले. हादऱ्याची नोंद दूर सिमल्याच्या भूकंपमापकावरही झाली. जळत्या गाठी आकाशातून वस्त्यांवर पडल्या व मांडवी परिसरात आगी लागल्या. मृतांचे अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत आहेत; कप्तान नाइस्मिथ आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यांत होते. सुमारे ८० हजार लोक बेघर झाले. सेन्सॉरमुळे देशातील वृत्तपत्रांना मे महिन्यापर्यंत सविस्तर बातमी देता आली नाही. जपानी ताब्यातील सायगाव रेडिओने मात्र ती दुसऱ्याच दिवशी दिली.

चौकशीत कापसावर स्फोटके रचणे, उतरविण्यातील दिरंगाई, अग्निशमन दलास उशिरा कळविणे आणि कोठ्यात वाफ सोडून आग कोंडण्याचा उपाय न करणे, असे दोष दाखविण्यात आले. आठ हजार माणसे सात महिने राबली, तेव्हा गोदी पुन्हा चालू झाली. सोन्याची एक लगड दूरवरच्या एका घराच्या छतातून आत पडली होती. काही लगडी पुढे अनेक वर्षांनी गोदीतील गाळ उपसताना मिळाल्या. भायखळ्याच्या अग्निशमन दलाच्या मुख्यालयात त्या ६६ जवानांचे स्मारक आहे.