उघड्या विटांच्या भिंती : निगा आणि नासाडी

पावसाळा सरला, की शहरांतील गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणीपुढे इमारतीच्या बाह्यभागाच्या डागडुजीचा विषय येतो. गिलावा केलेल्या भिंतीचे गणित त्या मानाने सोपे असते. भेगा बुजवायच्या, रंगाचे दोन हात द्यायचे आणि पुढील काही वर्षे निश्चिंत व्हायचे. खरा प्रश्न उभा राहतो तो गिलावा नसलेल्या, विटा मुद्दाम उघड्या ठेवलेल्या भिंतींचा. अशा भिंतीवर काळे ओघळ, हिरवे शेवाळ आणि पांढरी बुरशीसारखी साय दिसू लागली, की सभासद अस्वस्थ होतात आणि कंत्राटदार तीन उपाय सुचवतो : भिंत ॲसिडने धुऊन काढावी, विटांमधील सांधे उकरून त्यांत नवे सिमेंट भरावे आणि वरून पारदर्शक चकचकीत लेप द्यावा. या तिन्ही उपायांनी भिंत वर्ष-दोन वर्षे नव्यासारखी दिसते. त्यानंतर मात्र तोवर धडधाकट असलेल्या विटांचे पोपडे सुटू लागतात आणि ज्या कामासाठी वर्गणी काढली, त्या कामानेच दुप्पट खर्चाचे दुसरे काम जन्माला घातलेले असते.

असे का होते हे समजण्यासाठी विटेचा स्वभाव जाणून घ्यावा लागतो. भाजलेली माती ही सच्छिद्र वस्तू आहे. भारतीय मानक १०७७ नुसार सर्वसाधारण प्रतीच्या विटेने चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवल्यावर स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषलेले चालते. म्हणजे तीन किलोची वीट सहाशे ग्रॅमपर्यंत पाणी पोटात घेऊ शकते आणि तरीही ती चांगली वीट ठरते. पाणी पिणे हा विटेचा दोष नव्हे. प्यायलेले पाणी तिला उन्हात, वाऱ्यात बाहेर टाकता आले पाहिजे, एवढीच तिची अट असते. पावसाळ्यात भिजणारी आणि हिवाळ्यात वाळणारी विटांची भिंत पिढ्यान् पिढ्या टिकते; आत शिरलेल्या पाण्याची परतीची वाट ज्या भिंतीत बंद झाली, ती आतून सडू लागते.

या परतीच्या वाटेचा मोठा भाग विटेतून नव्हे, तर दोन विटांमधील सांध्यातून जातो. गवंडी या सांध्याला दरज म्हणतात. जुन्या बांधकामात दरजा चुन्याच्या मसाल्याने भरलेल्या असत. चुना विटेपेक्षा मऊ आणि अधिक सच्छिद्र. भिंतीतील ओल त्यातून बाहेर पडे, पाण्यासोबत येणारे क्षार त्यातच साठत आणि कालांतराने झिजत ती दरजच. पन्नास-शंभर वर्षांनी ती पुन्हा भरली, की झाले. भिंतीचे हाल व्हायचेच असतील तर ते स्वस्त आणि बदलता येण्याजोग्या मसाल्याचे व्हावेत, विटेचे नव्हेत, हा या रचनेतला साधा हिशेब होता.

दर्शनी दरजांत एकास तीन प्रमाणाचे कडक सिमेंट भरले, की हा हिशेब नेमका उलटा होतो. सिमेंटचा मसाला जुन्या विटेहून कठीण आणि पाण्याला जवळपास बंद. आतली ओल आता दरजेतून निघू शकत नाही. ती विटेच्या चेहऱ्यातून निघते आणि क्षारही तिथेच सोडते. ऊन-पावसाने भिंत थोडी प्रसरण पावते, थोडी आकुंचन पावते. मऊ चुना ती हालचाल पोटात घालतो. सिमेंट घालत नाही, त्यामुळे विटेच्या कडा फुटतात. काही वर्षांनी अशा भिंतीजवळ उभे राहून पाहिले, तर सिमेंटच्या रेषा जाळीसारख्या पुढे आलेल्या आणि मधल्या विटा खोलगट झालेल्या दिसतात. जुन्या वाड्यांच्या सिमेंटने ‘दुरुस्त’ केलेल्या भिंतींवर हे दृश्य वारंवार दिसते. मसाला नेहमी विटेपेक्षा दुबळा असावा, हा जगभरच्या वास्तुसंवर्धकांचा पाठ त्यातूनच आला आहे.

पुण्याचा शनिवारवाडा १७३० ते १७३२ या काळात उभा राहिला. त्याच्या तटाचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा आहे. यामागे राजकीय कारण असल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहेच. पण तिचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला तरी खाली काळा दगड आणि वर वीट ही मांडणी दख्खनच्या बांधकामात सर्रास आढळते आणि तिला व्यवहाराचा भक्कम आधार आहे. जमिनीतील ओल भिंतीत सुमारे मीटरभर उंचीपर्यंत चढते. बेसाल्टचा दगड पाणी फारसे शोषत नाही, त्यामुळे घडीव दगडाचे उंच जोते ही ओल विटेपर्यंत पोहोचू देत नाही. आज अशा जोत्यालगत काँक्रीटचा रस्ता किंवा फरसबंदी वर वर चढवत नेली जाते, जोते गाडले जाते आणि अडीचशे वर्षे कोरडी राहिलेली वीट अचानक ओली होऊ लागते. दोष मात्र विटेला दिला जातो.

भिंतीवर दिसणारी पांढरी साय म्हणजेच लोणा. विटेची माती, सिमेंट, जमिनीतील पाणी किंवा नीट न धुतलेली खाडीची वाळू यांतून आलेले क्षार पाण्यात विरघळतात, पाण्याबरोबर भिंतीच्या पृष्ठभागी येतात आणि पाणी उडून गेले की स्फटिक होऊन तिथेच राहतात. पृष्ठभागावर जमलेला लोणा दिसायला वाईट असला तरी तसा निरुपद्रवी असतो. तोच क्षार विटेच्या कातडीच्या आत, एखाद्या बंद लेपामागे स्फटिकरूप झाला, तर स्फटिकांच्या दाबाने विटेचा चेहरा पोपड्यासारखा उडतो. म्हणून लोण्यावर पाण्याचा फवारा मारणे हा त्यावरचा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत व्यर्थ उपाय होय. क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात आणि भिंत वाळताच परत येतात. लोणा भिंत कोरडी असताना काथ्याच्या कोरड्या ब्रशने झाडावा, खाली पडलेली पूड जोत्याशी न ठेवता गोळा करून टाकून द्यावी. नव्या बांधकामात दोन-तीन पावसाळ्यांनंतर त्याचे प्रमाण बहुधा आपोआप घटते. जुन्या भिंतीवर तो नव्याने दिसू लागला, तर मात्र पाणी कोठून तरी येते आहे, असे समजावे.

स्वच्छतेच्या बाबतीत ‘भिंत मळली आहे’ एवढे निदान पुरत नाही. मळ कशाचा आहे, हे आधी पाहावे लागते. रस्त्याकडील भिंतीवरची धूळ आणि काजळी साध्या पाण्याने व मऊ ब्रशने बरीचशी निघते. पाणी कमी दाबाने, वरून खाली आणि थोडे थोडे वापरावे. मोटारी धुण्याच्या यंत्राची धारदार तोटी विटेच्या तोंडाशी धरली, तर दरजेतील चुना खरवडून निघतो आणि भिंतीत गरजेपेक्षा कितीतरी अधिक पाणी भरले जाते. शेवाळ सावलीच्या, सतत ओल्या राहणाऱ्या भागीच वाढते. ते खरवडण्याआधी गळकी पन्हळ, फुटका पाइप किंवा वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी शोधावे. ओलीचा उगम बंद झाला, की पुष्कळसे शेवाळ वाळून पापुद्र्यासारखे सुटते. कबुतरांची विष्ठा केवळ घाण म्हणून नव्हे, तर तिच्यातील क्षार विटेत मुरतात म्हणूनही हटवायला हवी, आणि तीही नाकातोंडाला मुसके बांधून, कारण तिची धूळ फुप्फुसांना घातक असते.

ॲसिडबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. नव्या भिंतीवर उडालेले सिमेंटचे शिंतोडे काढण्यासाठी पातळ केलेले हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरण्याची पद्धत आहे. तिथेही भिंत आधी पाण्याने चिंब करून, ॲसिड अत्यल्प वेळ ठेवून, मग भरपूर धुवावे लागते. चुन्याच्या दरजा असलेल्या जुन्या भिंतीवर मात्र ते वापरूच नये. ॲसिड मळ काढते त्याआधी चुना विरघळवते आणि मागे क्लोराइडचे क्षार ठेवून जाते. आज धुऊन लख्ख झालेल्या भिंतीवर पुढच्या हिवाळ्यात फुटणारा लोणा हा कित्येकदा या धुण्याचाच प्रसाद असतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे वाळूचा मारा. भट्टीत भाजताना विटेच्या पृष्ठभागाला आतल्या गाभ्यापेक्षा कणखर असे कवच येते. दाबाने फेकलेली वाळू मळासोबत हे कवचही सोलून काढते. उघडा पडलेला गाभा अधिक पाणी पितो, अधिक मळतो आणि भराभर झिजतो. अमेरिकेत विसाव्या शतकात विटांच्या असंख्य जुन्या इमारती अशा रीतीने ‘स्वच्छ’ केल्या गेल्या. तेथील राष्ट्रीय उद्यान सेवेने १९७९ साली या पद्धतीच्या धोक्यांवर स्वतंत्र पुस्तिकाच काढली. गेलेले कवच परत देण्याचा कोणताही उपाय नाही. वायर ब्रश आणि पॉलिश करण्याची फिरती चकती ही याच वाळूमाऱ्याची घरगुती भावंडे. तारेचे तुटके कण विटेत अडकून गंजतात आणि तांबडे डाग पडतात ते वेगळेच.

विटांच्या वास्तूंची निगा हा केवळ घरमालकांचा प्रश्न नाही, हे अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेच्या उदाहरणाने साऱ्या देशापुढे आले. लुई कान यांनी १९६२ पासून आखलेला हा परिसर उघड्या विटांच्या आधुनिक वास्तुकलेचा जगन्मान्य नमुना मानला जातो. मुंबईच्या वास्तुरचनाकार ब्रिंदा सोमाया यांच्या संस्थेने तेथील विक्रम साराभाई ग्रंथालयाचा जीर्णोद्धार केला आणि त्याला २०१९ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसासंवर्धन पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये, त्याच परिसरातील अठरापैकी चौदा वसतिगृहे पाडण्याचा बेत जाहीर झाला. गळती, भेगा, ढासळणारे भाग ही कारणे देण्यात आली. विटांचा दर्जा मुळातच हलका असल्याचेही सांगण्यात आले. जगभरातून विरोध झाल्यावर जानेवारी २०२१ मध्ये तो बेत मागे घेण्यात आला, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये संस्थेने पुन्हा पुनर्बांधणीची वाट धरत असल्याचे कळवले. वीटकामात पुरलेल्या पोलादी सळ्यांचा प्रश्न तेथे आहेच. गंजलेले पोलाद फुगते आणि भोवतालची वीट फोडते. परंतु गंजण्यासाठी सळईला पाणी लागते आणि पाणी छपरातून, कठड्यांतून, न भरलेल्या दरजांतून येते. एकाच परिसरातील एक वास्तू पुरस्कार मिळवते आणि तिच्या शेजारच्या वास्तूंवर पाडण्याची वेळ येते, हे विटेच्या दर्जाइतकेच मधल्या वर्षांतील देखभालीबद्दलही बोलते.

म्हणूनच कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी पाणी, मग दरजा आणि सर्वांत शेवटी, गरज उरलीच तर, धुलाई. गच्चीच्या कठड्याचा माथा हे पाणी शिरण्याचे पहिले ठिकाण; तिथे बाहेर झुकता, खालून पागोळीची खाच असलेला दगडी किंवा काँक्रीटचा माथा असावा. खिडकीच्या उंबऱ्याखालची भिंत, पन्हळीचे सांधे आणि जोत्यालगतची जमीन ही पुढची ठिकाणे. भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप हिसका देऊन उपटू नये. मूळ आतच राहते, विटा मात्र हलतात. ते बुंध्याशी कापून मुळाला मारक द्रव्य लावावे आणि मूळ मेल्याची खात्री झाल्यावर ती फट भरावी.

दरजा सरसकट भरण्याची गरज क्वचितच असते. जिथे मसाला बोटाने भुसभुशीत लागतो, तेवढ्याच जागा निवडाव्यात. सैल मसाला दरजेच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट खोलीपर्यंत छिन्नी-हातोडीने हलक्या हाताने काढावा. ग्राइंडरने काम लवकर होते आणि विटांच्या कडाही तितक्याच लवकर कापल्या जातात. खाच झाडून, ओली करून तीत चुना-वाळूचा मसाला थरांनी दाबून बसवावा. सिमेंटच्याच बांधकामात एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू असा मऊ मसाला पुरेसा असतो. काम सावलीत करावे आणि ओली गोणपाटे टांगून काही दिवस ओलावा टिकवावा, नाहीतर चुना घट्ट होण्याऐवजी वाळून पूड होतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ यासाठी उत्तम. चुन्याच्या कामाचा हात असलेले गवंडी कमी झाले आहेत आणि त्यांची मजुरीही अधिक पडते, ही अडचण खरी आहे. तरी कंत्राट देण्यापूर्वी आडबाजूच्या मीटरभर भिंतीवर नमुना करून घेऊन तो एक पावसाळा पाहावा, म्हणजे निम्मे वाद टळतात.

राहिला पारदर्शक लेप. पृष्ठभागावर प्लास्टिकसारखा पापुद्रा धरणारे लेप उघड्या विटेवर लावू नयेत. विटेत मुरणारी आणि वाफ बाहेर जाऊ देणारी सिलेन-सिलॉक्सेन प्रकारची द्रव्ये मिळतात. पश्चिमेकडून झोडपणाऱ्या पावसाच्या भिंतीला त्यांचा काही उपयोग होतो, पण भिंत पूर्ण कोरडी, लोणामुक्त आणि दरजा भरलेली असेल तरच. ओल्या भिंतीवर ती लावणे म्हणजे चोराला घरात ठेवून बाहेरून कुलूप घालणे.

महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी करायची असते. त्याच वेळी लाकडी हातोडीने विटा ठोकून पाहण्यास सांगावे. पोकळ आवाज देणारी वीट पदपथाच्या डोक्यावर असेल, तर ती पुढच्या तपासणीपर्यंत तशीच न ठेवता लगेच काढून, त्याच मापाची आणि साधारण तेवढेच पाणी पिणारी वीट चुन्यात बसवून घ्यावी.