‘ऑल बट इम्पॉसिबल’ म्हणजे शक्य की अशक्य?

समजा, पुण्यातील एखाद्या कंपनीने लंडनमधील ग्राहकाकडे विचारणा केली, की शुक्रवारपर्यंत आराखड्याला मंजुरी मिळेल का? ग्राहकाचे उत्तर येते, ‘अप्रूव्हल बाय फ्रायडे इज ऑल बट इम्पॉसिबल.’ वाचणारा ‘बट’चा अर्थ ‘सोडून’ असा लावतो. अशक्य सोडून सारे काही, म्हणजे काम शक्य आहे, असे समजून माणसे कामाला लावली जातात, सामानाची मागणी नोंदवली जाते. शुक्रवार उजाडतो आणि मंजुरी येत नाही. ग्राहकाने नकारच कळवलेला असतो. तो होकार म्हणून वाचला गेलेला असतो.

‘ऑल बट’ म्हणजे ‘जवळजवळ’. अशक्य म्हणण्यासाठी लागणारे सारे जमा झाले आहे, केवळ तो शेवटचा शब्द उच्चारायचा राहिला आहे, असा त्याचा भाव. त्यामुळे ‘ऑल बट इम्पॉसिबल’ म्हणजे ‘अशक्यप्राय’. याउलट ‘एनीथिंग बट इम्पॉसिबल’ म्हणजे ‘मुळीच अशक्य नाही’. एका शब्दाच्या फरकाने अर्थ नेमका उलटा होतो. ‘नेक्स्ट टु इम्पॉसिबल’ आणि काहीसा ग्रंथिक ‘वेल-नाय इम्पॉसिबल’ हे दोन्ही प्रयोग मात्र ‘ऑल बट’च्याच पंगतीतले.

मराठी माध्यमात शिकलेल्यांची अडचण शब्दसंग्रहाच्या तोकडेपणाची नसते. हे वाक्प्रचार त्यांनी ऐकलेले असतात. मात्र ‘अवघड’, ‘दुर्मिळ’, ‘अशक्यप्राय’ आणि ‘अशक्य’ या वेगवेगळ्या पायऱ्या असून प्रत्येक पायरीसाठी इंग्रजीत निराळे प्रयोग आहेत, याकडे लक्ष दिले जात नाही.

पहिली पायरी अवघड, पण साध्य होणाऱ्या कामाची. ‘अ टॉल ऑर्डर’ म्हणजे पेलण्यास कठीण अशी मागणी. ‘अपहिल टास्क’ म्हणजे चढण चढण्यासारखे दमछाक करणारे काम. वरिष्ठांनी दोन दिवसांत अहवाल मागितला असता ‘दॅट्स अ टॉल ऑर्डर’ असे म्हणणारा कर्मचारी नकार देत नसतो. काम जड आहे, वेळ किंवा मदत वाढवून मिळावी, असे तो सौम्यपणे सुचवत असतो.

याच पायरीवर, पण अधिक उंचावर ‘हर्क्युलियन टास्क’ येतो. ग्रीक पुराणातील हर्क्युलिसला बारा अचाट कामे करावी लागली. त्यांपैकी एक होते राजा ऑजियसचे गोठे साफ करण्याचे. तीन हजार गुरांचे आणि तीस वर्षे न झाडलेले ते गोठे त्याने दोन नद्यांचे प्रवाह वळवून एका दिवसात धुऊन काढले. येथे महत्त्वाची गोष्ट अशी, की हर्क्युलिस यशस्वी झाला. आपल्याकडील ‘शिवधनुष्य’ किंवा ‘भगीरथ प्रयत्न’ यांच्याशी या प्रयोगाचे नाते जुळते ते त्यामुळेच. धनुष्य उचलले गेले आणि गंगाही अवतरली. ‘सिसिफियन टास्क’ मात्र निराळा. कॉरिंथचा राजा सिसिफस याला शिळा डोंगरावर ढकलत नेण्याची शिक्षा मिळाली. माथा जवळ आला, की शिळा पुन्हा पायथ्याशी घरंगळत येई. ज्या कामाला अंत नाही आणि फळही नाही, ते सिसिफियन. नव्या प्रकल्पाचे कौतुक करताना हे विशेषण वापरले, तर सारा प्रकल्पच व्यर्थ असल्याचे सांगितल्यासारखे होईल.

दुसरी पायरी दुर्मिळतेची. ‘वन्स इन अ ब्लू मून’ याचा अर्थ ‘कधीच नाही’ असा अनेकजण करतात; तो ‘क्वचित, कधीतरी’ असा आहे. प्रचलित व्याख्येनुसार एकाच इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या, तर दुसरीच्या चंद्राला ‘ब्लू मून’ म्हणतात. चंद्र त्या दिवशी निळा दिसत नाही. हा योग सरासरी बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो. पंचांग पाहणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. अधिक मासही साधारण तेवढ्याच अंतराने येतो, आणि दोहोंमागचे कारण एकच आहे. बारा चांद्रमासांचे वर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि त्याच वर्षी ३१ ऑगस्टला ‘ब्लू मून’ही दिसला. म्हणजे ही घटना विरळ असली, तरी ठरलेली आहे. मराठीतील ‘कपिलाषष्ठीचा योग’ याच अर्थाचा. एखादा मनुष्य ‘वन्स इन अ ब्लू मून’ गावी जातो, असे म्हटले, तर तो गावी जातो, हे त्यात गृहीतच असते.

तिसरी पायरी शक्यता अत्यल्प असण्याची. येथे इंग्रजीने पैजांची परिभाषा उचलली आहे. ‘ऑड्स’ म्हणजे पैजेतील भाव. ‘अगेन्स्ट ऑल ऑड्स’ म्हणजे सारे भाव विरोधात असतानाही. ‘लाँग शॉट’ म्हणजे दूरच्या लक्ष्यावर झाडलेली गोळी. लागण्याची आशा कमी, पण शून्य नव्हे. जुलै १९८१ मध्ये लीड्स येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध फॉलोऑन मिळालेल्या इंग्लंडची अवस्था ७ बाद १३५ झाली होती आणि डावाचा पराभव टाळण्यासच ९२ धावा हव्या होत्या. त्या सामन्यात इंग्लंडच्या विजयाचा भाव पाचशेस एक असा लागला होता. इयान बोथमने नाबाद १४९ धावा केल्या, बॉब विलिसने ४३ धावांत ८ बळी घेतले आणि इंग्लंडने सामना १८ धावांनी जिंकला. फॉलोऑननंतर विजय मिळण्याची कसोटी इतिहासातील ती दुसरी वेळ. तिसरी २००१ मध्ये कोलकात्यात आली, ती लक्ष्मणच्या २८१ आणि द्रविडच्या १८० धावांमुळे. अशा विजयांना ‘अगेन्स्ट ऑल ऑड्स’ शोभून दिसते. नेहमीच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्याविषयी ते वापरल्यास अतिशयोक्ती होते.

शेवटची पायरी निखळ अशक्याची. ‘व्हेन पिग्ज फ्लाय’, म्हणजे डुकरे उडतील तेव्हा. ‘सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा’ ही त्याची मराठी बहीण. यात थट्टा आणि काहीशी तुच्छता आहे. मित्रांच्या गप्पांत चालेल, कार्यालयीन पत्रात नव्हे. सुईच्या नेढ्यातून उंट जाण्याची प्रतिमा बायबलमधील शुभवर्तमानांत श्रीमंतांच्या स्वर्गप्रवेशासंदर्भात येते. ज्यूंच्या तालमूद ग्रंथात याच नेढ्यासाठी हत्तीची उपमा आढळते.

‘स्क्वेअरिंग द सर्कल’ या प्रयोगाची कहाणी अधिक रंजक आहे. दिलेल्या वर्तुळाएवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस केवळ कंपास व खुणा नसलेली पट्टी वापरून काढणे, हे कोडे ग्रीकांच्या काळापासून गणितज्ञांना छळत होते. १८८२ मध्ये जर्मन गणिती फर्डिनांड फॉन लिंडेमान यांनी ‘पाय’ या संख्येचे स्वरूप सिद्ध केले आणि ही रचना कधीच जमणार नाही, हे निश्चित झाले. आज परस्परविरोधी मागण्यांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नास हा वाक्प्रचार लावतात. कर कमी करायचे, खर्च वाढवायचा आणि तूटही वाढू द्यायची नाही, असा अर्थसंकल्प मांडणे म्हणजे ‘स्क्वेअरिंग द सर्कल’.

या प्रयोगांचा अर्थ पाठ करण्यापेक्षा एक प्रश्न स्वतःला विचारणे अधिक उपयोगी ठरते : काम कष्टाने होणार आहे, क्वचित होणार आहे, दैवाने साथ दिली तरच होणार आहे, की होणारच नाही? उत्तर मिळाले, की प्रयोग आपोआप निवडला जातो. जेथे पैसा, मुदत किंवा नोकरी यांचा संबंध असेल, तेथे मात्र अलंकार बाजूला ठेवून ‘वी कॅनॉट डू धिस बाय फ्रायडे’ असे सरळ लिहिणेच हिताचे. आणि ‘ऑल बट’सारखा प्रयोग समोरून आला, तर अर्थ विचारून घेण्यात कमीपणा नाही.

अशक्याची सीमाही कायम एकाच जागी राहत नाही. ‘आस्क फॉर द मून’ म्हणजे न मिळणारी वस्तू मागणे. बाळ रामाने चंद्रासाठी धरलेल्या हट्टाची गोष्ट मराठी घरांत आजही सांगितली जाते. १९६९ मध्ये माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले, २०२३ मध्ये भारताचे ‘चांद्रयान-३’ तेथे अलगद उतरले. ‘आस्क फॉर द मून’ आजही अवास्तव मागणीलाच म्हणतात. पण त्याच चंद्रावरून आलेला ‘मूनशॉट’ हा शब्द आता अत्यंत अवघड, तरीही हाती घेण्याजोग्या ध्येयासाठी वापरला जातो.