बोलता येतं, मग लिहिताही येईल : मराठी लिहायला लागणाऱ्यांसाठी पाच सवयी

डिंडोली (सुरत) : घरात अहिराणी, दुकानावर गुजराती, कारखान्यात हिंदी आणि गावाकडच्या फोनवर मराठी. डिंडोली, नवागाम, उधना, लिंबायत भागातल्या खान्देशी कुटुंबांत चार भाषा सहज बोलणारी माणसं घरोघरी सापडतात. पण गावच्या तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायचा म्हटलं, की हीच माणसं कोरा कागद दुसऱ्यापुढे सरकवतात. वारसाने जमिनीचा हक्क मिळाला तर तीन महिन्यांत कळवायचं असतं. लिहून देणारा सापडेपर्यंत दिवस निघून जातात.

अडतं कुठे?

सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. तरी इथली बरीच मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. गुजरातीत अक्षरांवर शिरोरेघ नाही, आणि गुजराती 'र' तर मराठी २ सारखा दिसतो. 'कवि' गुजरातीत ऱ्हस्व, मराठीत मात्र 'कवी' दीर्घ. 'घरमा' हे अहिराणीत चालतं, गुजरातीतही जवळपास तसंच. प्रमाण मराठीत ते 'घरात' होतं. म्हणजे चूक होते ती अनेक भाषा डोक्यात असल्यामुळे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

१. रोजमेळ लिहा

रोजमेळ हा शब्द मराठी-गुजराती दोन्हीकडे चालतो. दुकानदार रोजची जमा-नावे लिहितो, तशा रात्री तीन ओळी लिहायच्या : आज काय झालं, कोण भेटलं, किती खर्च झाला. विषय शोधत बसावं लागत नाही आणि हात चालू राहतो.

२. आधी बोला, मग उतरवा

मोबाइलच्या कीबोर्डवर मराठी निवडून माईक दाबला, की बोललेलं अक्षरात येतं. ते वहीत उतरवून घ्या. बोलीत आलं तरी चालेल. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर सुचलेल्या त्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी टिपून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये पुस्तक निघालं. त्यात बोली तशीच राहिली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. टिपून ठेवलं नसतं तर ते सगळं त्यांच्याबरोबरच गेलं असतं.

३. चुका दुसऱ्या दिवशी काढा

लिहितानाच ऱ्हस्व-दीर्घ बघत बसलं तर वाक्य पुढे सरकत नाही. आज लिहा, उद्या लाल पेनने तपासा. सुरुवातीला दोनच नियम पुरेत. शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दीर्घ : पाणी, कवी, गुरू. 'आणि' हा अपवाद. दुसरा नियम, शेवटच्या अक्षराला काना-मात्रा नसेल तर त्याआधीचा इकार-उकार दीर्घ : गरीब, वकील, फूल. प्रत्यय लागला की तोच ऱ्हस्व होतो : गरिबाला, वकिलाला, फुलाला. गुण, मधुर असे संस्कृतातून आलेले शब्द या दुसऱ्या नियमात बसत नाहीत. ते एकेक करून लक्षात राहतात.

४. कामाचा एक कागद पूर्ण करा

सरावासाठी निबंधापेक्षा अर्ज बरा. वारस नोंदीच्या अर्जाला चार वाक्यं लागतात. कोण गेलं आणि कधी. कोणत्या गावची, कोणत्या गटाची जमीन त्यांच्या नावावर आहे. वारस कोण, त्यांचं नातं काय. शेवटी विनंती : 'वारस म्हणून वरील नावे लावावीत.' सोबत मृत्यूचा दाखला. 'सविनय सादर करण्यात येते की' अशी लांबण लावली नाही तरी काही अडत नाही. नावं, तारीख आणि गट नंबर मात्र दोनदा तपासा.

५. वाचणारा ठेवा

उधन्याहून भुसावळकडे जाणारी ताप्ती लाइनची गाडी अमळनेरला थांबते. तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक काढत. वाचणारी मुलं त्याच खोल्यांतली. पुढे १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, पण त्याआधी अशी रोजच्या लिखाणाची सवय होती.

नवशिक्याला एवढा मोठा वाचक लागत नाही. गावाकडच्या काकांना किंवा आत्याला आठवड्यातून एकदा, व्हॉइस मेसेजऐवजी चार ओळी लिहून पाठवायच्या. न कळलेला शब्द ते विचारतीलच. तोच शब्द वहीत नीट लिहून ठेवायचा.

महिन्याभरात अशी शंभरेक वाक्यं वहीत जमतात. मग तलाठ्याचा अर्ज असो की मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर, पेन दुसऱ्याच्या हातात द्यावं लागणार नाही.